डोपिंग म्हणजे 'अपमिश्रण' का? (संदर्भ: ग्राफीन)

प्रश्न: ग्राफीनच्या (कार्बनचा एक अणू जाडीचा थर) प्रकाशीय गुणधर्मांवर मराठीत लिहिताना 'डोपिंग'साठी 'अपमिश्रण' आणि 'डिफेक्ट'साठी 'अशुद्धी' चालेल का?

उत्तर १: सिलिकॉनमध्ये बोरॉन, फॉस्फरस खरोखर मिसळतात, तिथे अपमिश्रण शोभतं. ग्राफीनला नाही. सिलिकॉन डायॉक्साइडच्या ३०० नॅनोमीटर थरावर ग्राफीन ठेवून गेटला (थराखालच्या विद्युतअग्राला) व्होल्टेज दिलं, की दर व्होल्टला प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे ७२ अब्ज इलेक्ट्रॉन वाढतात. परका अणू एकही येत नाही, तरी हे डोपिंगच, कारण वाहक इलेक्ट्रॉनांची संख्या बदलते. सरकते ती फर्मी पातळी, म्हणजे इलेक्ट्रॉन ज्या ऊर्जेपर्यंत भरलेले असतात ती. डिरॅक बिंदूपासून (ग्राफीनचे संयुजा आणि वहन पट्टे जिथे भेटतात ती ऊर्जा) मोजलेल्या तिच्या ऊर्जेच्या दुपटीहून कमी ऊर्जेचे फोटॉन मग शोषले जात नाहीत, कारण इलेक्ट्रॉनने जिथे उडी मारायची त्या जागा आधीच भरलेल्या असतात. १०० व्होल्टला ही पातळी ०.३ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास जाते, म्हणजे घट होते ती ०.६ च्या खाली, अवरक्तात. दृश्य प्रकाश सुमारे १.६ पासून पुढे; तिथलं एका थराचं २.३ टक्के शोषण जवळपास तसंच राहतं. तेव्हा 'डोपिंगमुळे ग्राफीन पारदर्शक होतं' असं तरंगलांबी न सांगता कृपया लिहू नका.

उत्तर २: मग 'प्रभारभरण' म्हणावं का?

उत्तर १: होल-डोपिंगमध्ये इलेक्ट्रॉन काढले जातात, तिथे 'भरण' वाचून वाचक गोंधळेल. डोपिंगच ठेवा. कार्बनच्या जागी नायट्रोजन बसवला असेल तर 'प्रतिस्थापन' म्हणा.

उत्तर ३: 'अशुद्धी' तर नकोच. जाळीतून एक कार्बन अणू निघाला तरी उरतो तो शुद्ध कार्बनच! 'जालकदोष' नेमका आहे. रामन वर्णपटातही (नमुन्याने विखुरलेल्या लेसर प्रकाशाच्या वर्णपटात) हा फरक दिसतो. जालकदोष असला की १३५० प्रति सेंटिमीटरजवळ डी शिखर उगवतं. नुसत्या गेट-डोपिंगने ते येत नाही, १५८० जवळचं जी शिखर तेवढं वर सरकतं आणि अरुंद होतं. प्रतिस्थापित नायट्रोजन जालकदोष आणि डोपिंग दोन्ही आणतो, म्हणून त्याला फक्त 'डोपिंग' म्हणणं अपुरं.

एक चूक वारंवार दिसते: डी आणि जी शिखरांच्या तीव्रतेचं गुणोत्तर कमी, म्हणजे दोष कमी. दोषांमधलं अंतर घटत साधारण ३-४ नॅनोमीटरवर आलं, की वाढत गेलेलं गुणोत्तर पुन्हा उतरू लागतं. शिखरांची रुंदी सोबत बघा. ती वाढलेली असेल तर नमुना जास्त बिघडलेला आहे. आणि २डी शिखर (डी शिखराच्या जवळपास दुप्पट अंतरावरचं) बुटकं दिसलं म्हणून लगेच 'अनेक थर' लिहू नये, डोपिंगनेही ते खचतं.