मदत हवी आहे: स्तनांची स्वतपासणी ऑनलाइन शिकवावी की वर्गातच?

नर्सिंगच्या विद्यार्थिनींना मी स्तनांची स्वतपासणी शिकवते. यंदा हा भाग ऑनलाइन घ्यायचं घाटतंय, म्हणून तुमचा अनुभव विचारतेय.

पाळी सुरू झाल्यावर साधारण 7 ते 10 दिवसांनी तपासायचं, आरशात त्वचेवरची खळी किंवा आत ओढलेलं स्तनाग्र बघायचं, हे व्हिडिओतून छान समजतं. शिवाय घरी दार लावून मुली संकोच न करता सराव करू शकतात, तो फायदा मोठा आहे. अडतं ते हाताशी. मधल्या तीन बोटांची टोकं नव्हे, शेवटच्या पेराचा मऊ भाग टेकवायचा, त्याच जागी आधी हलका, मग मध्यम, मग खोल दाब द्यायचा. सिलिकॉनच्या मॉडेलवर मुलीच्या बोटांवर माझी बोटं ठेवून "अजून थोडं दाब" म्हटलं की तिला आतली गाठ लागते. पडद्यावरून हे कसं साधायचं?

कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या अंगावर करून दाखवायला मी कुणालाही सांगणार नाही, हे पक्कं. मग प्रात्यक्षिकाची परीक्षा कशी घेता? मॉडेल घरी पाठवता का? की थिअरी ऑनलाइन आणि हात बसवायला वर्गात बोलावता? याच मुली पुढे बायकांना शिकवणार आहेत, त्यामुळे कृपया सविस्तर लिहा.