विमानात सूटकेस म्हणून जाईल अशी मोठ्या चाकांची सायकल: सल्ला हवा

चढावरची
नमस्कार मंडळी. पुण्यात राहते, वय ४९, पाच वर्षं ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड) करते आहे. २०२७ ला फ्रान्समधली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस (पीबीपी) ही मोठी राइड करायचं डोक्यात आहे. शिवाय लेक म्युनिकला असते, तिच्याकडे दरवर्षी जाणं होतं. पासाऊहून व्हिएन्नापर्यंत डॅन्यूबच्या काठाने जायचं दोन वर्षं ठरतंय आणि राहतंय. कारण एकच, सायकल नेण्याचं लचांड. मागच्या खेपेला दुकानातून पुठ्ठ्याचा खोका आणला. टॅक्सीच्या डिकीत मावेना म्हणून कॅरियरवाली गाडी केली. विमानतळावर काउंटरवरच्या मुलाने टेप काढून मोजलं आणि जो आकडा सांगितला, तेवढ्यात तिकडे बरेच दिवस सायकल भाड्याने मिळाली असती. उतरल्यावर बघते तर गिअर बदलणारा मागचा डिरेलर ज्यावर लटकतो तो हँगर आत वाकलेला.
घडीच्या छोट्या चाकांच्या सायकली कृपया सुचवू नका. ७००सी चाकं (रोड सायकलची मोठी चाकं), खाली वळलेलं ड्रॉप हँडल आणि अंगाला बसलेलं माप सोडायचं नाही.

मडगार्ड
ब्रॉम्प्टनवर (तीच छोट्या चाकांची घडीची) पीबीपी पूर्ण केलेले लोक आहेत हो! पण असो, आधीच तंबी दिलीत. मोंटेगू बघितलीत का? पूर्ण मापाची आहे आणि घडीही होते.

कात्रजकर
मोंटेगू गाडीच्या डिकीसाठी ठीक. घडी केल्यावर साधारण ३६ × २८ × १२ इंच होते, म्हणजे बेरीज ७६. विमान कंपन्यांची नेहमीची मर्यादा लांबी, रुंदी, उंची मिळून ६२ इंच, म्हणजे १५८ सेंमी, आणि वजन बहुतेक ठिकाणी २३ किलो. वजन फारसं आडवं येत नाही ताई, आडवं येतं ते चाक.
हिशोब बघा. २६ × २६ × १० इंचाची पेटी घेतली की बेरीज बरोबर ६२. यात चाक बसवायचं. ७००सीची रिम ६२२ मिमी, त्यावर दोन्ही बाजूंना २८ मिमीचा टायर म्हणजे ६७८. पेटी ६६०. हवा पूर्ण काढली की टायर दबतो आणि चाक कसंबसं बसतं. ३५ चा टायर असेल तर तो उतरवूनच ठेवावा लागतो. म्हणून लांबच्या टूरवाले मुद्दाम जुन्या २६ इंची चाकांची सायकल घेतात, तिची रिम ५५९ चीच असते.
आता फ्रेम. दोन पद्धती आहेत. एक, एस अँड एस कपलर: वरच्या आणि खालच्या नळीत स्टीलचे आट्यांचे जोड बसवलेले असतात, खास पान्याने फिरवले की फ्रेमचे दोन तुकडे. दुसरी, रिची ब्रेक-अवे: खालची नळी बॉटम ब्रॅकेटजवळ (पेडलचा आस फिरतो तिथे) एका कड्याने धरलेली असते आणि वरचा जोड सीटपोस्टवरच (सीटखालच्या दांड्यावर) आवळला जातो. ही दिसायला साधी आणि वजनाला हलकी. माझ्याकडे कपलरवाली आहे. चालवताना जोड आहे हे जाणवतही नाही. मात्र पहिल्या २०-३० किलोमीटरनंतर थांबून पाना पुन्हा एकदा लावायचाच.

रात्रपाळी
सगळं खरं, पण एकदाच पीबीपीला जायचं असेल तर कशाला एवढा खटाटोप? मी पुठ्ठ्याच्याच खोक्यात नेली होती. काही कंपन्या वजनाच्या मर्यादेत सायकलचा खोका जास्त पैसे न घेता नेतात, काही सरसकट एक रक्कम घेतात. तिकीट काढण्याआधी त्यांचं क्रीडासाहित्याचं पान वाचा आणि छापून जवळ ठेवा. काउंटरवर तोच कागद कामाला येतो.

चढावरची
@रात्रपाळी, एकदाच असतं तर मीही तेच केलं असतं. पण दरवर्षीचं आहे. आणि उतरल्यावर पुढे लोकल ट्रेनचे जिने आहेतच.
@कात्रजकर, माझ्या आत्ताच्या फ्रेमला कपलर बसवून घेता येतील का?

कात्रजकर
फ्रिजवरचा चुंबक काढा आणि फ्रेमला लावून बघा. चिकटला तर स्टील, मग चांगला फ्रेमबिल्डर नळी कापून जोड ब्रेझ करून (पितळासारखा धातू वितळवून सांधून) देऊ शकतो (नंतर रंग पुन्हा द्यावा लागतो). अ‍ॅल्युमिनियम असेल तर विषय संपला.

चढावरची
घसरला. 😔 नवऱ्याने लगेच विचारलं, "म्हणजे आता नवीन सायकल?"

कात्रजकर
😀 मग नवीन घेताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: हायड्रॉलिक ब्रेक नको. मागच्या ब्रेकची तेलाची नळी फ्रेमबरोबर दोन तुकड्यांत सुटत नाही, सोडली की ब्लीड करत, म्हणजे तेलातली हवा काढत बसा. वायरीचे ब्रेक घ्या, रिम किंवा मेकॅनिकल डिस्क. वायरींना मध्येच स्क्रूने सुटणारे जोड मिळतात, ते गिअरलाही लावा. डिस्क असेल तर रोटर (चाकावरची ब्रेकची तबकडी) काढून वेगळे ठेवायचे, चाकावर तसेच राहिले तर पेटीत वाकतात.
फ्रेमच्या नळ्यांना एसीच्या पायपावर घालतात ती काळी फोमची नळी उभी चिरून गुंडाळा. फ्रिज-एसीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मीटरवर मिळते. डिरेलर हँगरसकट काढून कापडात बांधा, तुमचा मागचा अनुभव टळेल. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, हे ठाऊक असूनही मी दर वेळी एकदा चुकीच्या दिशेने जोर लावतोच. पाने, पंप सगळं पेटीतच. हातातल्या बॅगेत राहिलं तर सुरक्षा तपासणीत पाना जातो आणि कपलरचा पाना परदेशातल्या गल्लीत मिळत नाही.
आणखी एक. तपासणीसाठी पेटी उघडतात आणि परत भरणाऱ्याला सायकलचा गंध नसतो. माझ्या पेटीत क्रँक (पेडलचा दांडा) एकदा थेट स्पोकांवर टेकवून झाकण दाबलेलं होतं. आता भरलेल्या पेटीचा फोटो छापून झाकणाच्या आतून चिकटवलाय.

रात्रपाळी
फोटोची आयडिया ढापली. आणि ताई, जी घ्याल ती २०२६ संपायच्या आत घ्या. पीबीपीच्या वर्षीच २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे पूर्ण करायच्या असतात, त्या याच सायकलवर करा. १२०० किलोमीटर आणि ९० तासांत नवीन बैठकीशी ओळख करून घेत बसू नका. पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनहून रांबुइएची (मागची पीबीपी तिथूनच सुरू झाली) लोकल आहे. पुठ्ठ्याचा खोका घेऊन त्यात चढताना माझी जी वरात निघाली, ती तुमची निघणार नाही.

चढावरची
सगळ्यांचे आभार. रिचीची स्टीलची फ्रेम आणि वायरीचे ब्रेक, इथपर्यंत आले आहे. पण पेटी भरायला तुम्हाला किती वेळ लागतो?

कात्रजकर
पहिल्यांदा साडेतीन तास, आणि शेवटी एक स्पेसर (छोटी कडी) हातात उरला. आता पाऊण तास. रविवारी सकाळी मोकळ्या असाल तर या, माझी उघडून-बांधून दाखवतो. तुम्हीच बांधा, मी बघतो. टेप घेऊन या.

मडगार्ड
मीही येतो. ब्रॉम्प्टनवर.