मदत हवी आहे : पिकअपला फॉग लॅम्प लावले, रिले नुसता टकटक करतोय

घाटउतार : बंपरवर दोन फॉग लॅम्प बसवले. चार पिनचा रिले (छोट्या करंटवर मोठा लोड चालू-बंद करणारा स्विच) घातलाय. स्विच दाबला की रिले टकटक करतो आणि दिवे फडफडतात. नवा रिले घालून बघितला, तेच. पहाटे माल भरून आंबोली उतरायचीय. लवकर सांगा.

तांब्याची तार : गाडी कुठली? हॅलोजन की एलईडी, किती वॉट? 30 नंबरच्या पिनला सप्लाय कुठून घेतलाय?

डायरेक्टवाला : रिले काढून टाका, स्विचवरून सरळ दिव्याला द्या. कटकट संपली.

घाटउतार : बोलेरो पिकअप. एच3 हॅलोजन, 55 वॉटचे. बॅटरीपर्यंत वायर पुरली नाही म्हणून 30 आणि रिलेच्या कॉइलची 86 दोन्ही पार्किंग लाइटच्या वायरवर घेतले, जंपर मारून. कॉइलची दुसरी पिन 85 आणि दिव्यांची अर्थ (मायनस) बंपरच्या बोल्टला.

तांब्याची तार : मग टकटक होणारच. 110 वॉट म्हणजे 12 व्होल्टला 9 अँपिअरच्या वर. रिले ओढला की तो सगळा लोड पार्किंगच्या बारीक वायरवर येतो, व्होल्टेज बसतं, त्याच वायरवरची, रिले ओढून धरणारी कॉइल सुटते. लोड गेला की व्होल्टेज परत वर, कॉइल परत ओढते. रिले बिचारा ठीक आहे. खात्री करायची तर दोन्ही दिव्यांचे कनेक्टर काढून स्विच दाबा, एकदाच टक होईल.

आता जोडणी : बॅटरीच्या प्लसवरून 2.5 स्क्वेअर मिलिमीटरची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरात 15 अँपिअरचा फ्यूज, मग 30. दिवे 87 वर, म्हणजे रिलेतून सप्लाय बाहेर देणाऱ्या पिनवर. पार्किंगची वायर फक्त स्विचमधून 86 ला, तिथे पाव अँपिअरही लागत नाही.

@डायरेक्टवाला, 9 अँपिअरवर डॅशबोर्डचा छोटा स्विच वितळतो. असले सल्ले देऊ नका.

डायरेक्टवाला : कितीतरी गाड्या तशाच पळतायत.

गंजखाऊ : अर्थचं कोणी बोललंच नाही. बंपरचा बोल्ट रंगावर बसलेला असतो, तिथे अर्थ धड मिळत नाही आणि त्यानेही असाच फडफडाट होतो. चेसिसवर रंग खरवडून लग (वायरच्या टोकाची धातूची रिंग) लावा, वर ग्रीस. आणि बंपरला भोकं पाडली असतील तर कडांना प्रायमर मारलात का? बोल्टला नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला, सैल न होणारा) हवा, नाहीतर खडी लागली की दिवा मान टाकतो.

लोखंडी : त्यापेक्षा बंपरपुढे दोन इंची पाइपचा गार्ड बसवून त्यावर दिवे घ्या.

गंजखाऊ : डिसेंबर 2017 मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवलंय, क्रॅश गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 विरुद्ध आहेत म्हणून. दंड होतो.

लोखंडी : रस्त्यावर निम्म्या पिकअपला गार्ड आहेत. ते सगळे वेडे?

तांब्याची तार : कायदा सोडा. गार्ड थेट चेसिसला बोल्ट केलेला असतो. धडकेत बंपर दबायचा, त्याऐवजी धक्का सरळ चेसिसवर जातो.

पोंपों : याच पद्धतीने डबल हॉर्नलाही रिले लावता येतो. फक्त हॉर्नचं बटण बहुतेक गाड्यांत अर्थ देतं, म्हणून ते 85 ला आणि प्लस 86 ला.

घाटउतार : हॉर्न कोणी विचारला? असो. बॅटरीवरून वायर ओढली, अर्थ चेसिसला घेतली. टकटक बंद. पण उजेड झाडांच्या शेंड्यावर पडतोय.

तांब्याची तार : गाडी रिकामी असताना सेट केले?

घाटउतार : आत्ता माल भरलाय. सेट केले तेव्हा रिकामी होती.

तांब्याची तार : माल भरला की मागचे स्प्रिंगचे पाटे बसतात आणि नाक वर येतं. भरलेल्या गाडीवरच सेट करा. सपाट जागी भिंतीपासून 25 फुटांवर उभी करा. भिंतीवर उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा 4 इंच खाली हवी. धुक्यात वर मारलेला उजेड तुमच्याच डोळ्यांवर परत येतो.

डायरेक्टवाला : पिवळे बल्ब घाला.