सहस्रचंद्रदर्शन: हॉल घ्यायचा की रजा?

पांढरा_कावळा:
आईचं सहस्रचंद्रदर्शन मार्गशीर्षात करायचं घाटतंय. दादाचं म्हणणं हॉल, २०० पानं, स्टेजवर गुळाची तुला. मी म्हणतो, त्याऐवजी दोघांनी आठ-आठ दिवस रजा काढून वाईला तिच्याजवळ राहू.

कारण सांगतो. तिला हल्ली सुईचं नेढं दिसत नाही. मी निघताना दहा सुया ओवून उशीच्या अभ्र्याला टोचून ठेवतो, पाच काळ्या दोऱ्याच्या, पाच पांढऱ्या. गणपतीत गेलो तर दहाही रिकाम्या आणि ब्लाउजला हुकाच्या जागी सेफ्टीपिन. फोनवर अवाक्षर नाही. दोनशे माणसं जेवून जातील, सुया कोण ओवणार?

तिरफळ:
सुयांचं वाचून गलबललं, पण मुद्दा पटला नाही. आमच्या आजीला ८१ दिव्यांनी ओवाळलं तेव्हा तिची मामेबहीण बेळगावहून आली होती. बावीस वर्षांनी भेट. दोघी स्टेजमागे खुर्चीवर पाय घेऊन पाच वाजेपर्यंत बोलत बसल्या, फोटोला बोलावलं तर हाकलून दिलं. कार्य नसतं तर त्या म्हातारीला गाडीत घालून कोणी आणलं असतं? आपल्याकडे निमित्ताशिवाय माणूस हलत नाही. आणि 'आईजवळ राहायचंय' म्हणून रजा मागून बघा, साहेब विचारतो, काय झालंय त्यांना?

वांगीभात:
हिशेबाचं बोलायचं तर १००० पौर्णिमा ८० वर्षं १० महिन्यांच्या आसपास भरतात. लोक हॉल मिळेल तसं ८१, ८२ला करतात. चंद्राची हरकत नसते.

पण फार ढकलू नका. बाबांची पंचाहत्तरी भावाच्या न्यू जर्सीतल्या रजेसाठी दोनदा पुढे गेली. बोलवायच्या लोकांची यादी मी वहीत लिहून ठेवली होती. तेराव्याला फोन करायला तीच वही काढली.

अडुळसा:
जरा कडू लिहिते. मी आईजवळच राहते, बारा महिने. सकाळपासून 'दूध आलं का?' अकरा वेळा झालंय. सहाव्या वेळेनंतर मी उत्तर देत नाही, आणि त्याचं वाईटही वाटून घेत नाही. हे 'माणूस आहे तोवर किंमत करा' सुट्टीवर येणाऱ्यांना सुचतं. आठ दिवस राहून, दहा सुया ओवून तुम्ही डोळे पुसत परत जाल. त्यापेक्षा हॉलच्या पैशात तीन महिने मदतीला बाई लावा. सुया तीही ओवेल.

पांढरा_कावळा:
अडुळसा, लागलं. खोटं नाही. पण बाईने ओवलेली सुई आणि मी ओवलेली सुई एकच, हे मान्य नाही.

अडुळसा:
शिवणाऱ्याला एकच. फरक तुम्हाला पडतो.

तिरफळ:
आईंना विचारलंत का कोणी?

पांढरा_कावळा:
नव्हतं विचारलं. काल विचारलं. मला वाटलं, 'कशाला रे एवढा खर्च' म्हणेल. तर म्हणाली, "हॉलच घ्या. भजनी मंडळातल्या सगळ्या जणी येऊ देत, मी त्यांच्या नातवंडांच्या मुंजीत जाऊन आलेय." गुळाची तुला मात्र नको म्हणाली, वजन चारचौघांत सांगायचं नाहीये तिला. आणि जिलबी गरम हवी. दादा फोनवर हसत सुटला, त्याचं फावलं.

अडुळसा:
बघा! आणि बाईचं?

पांढरा_कावळा:
विषय काढला. "माझ्या स्वयंपाकघरात कोणी नको," म्हणून फोन ठेवला. पाच मिनिटांनी परत केला. पांढरं रीळ संपलंय म्हणे. शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघतोय, दोन घेतलीत.