पित्ताशय काढल्यावर येसराची आमटी चालेल का?

प्रश्न (औसा): आईच्या पित्ताशयात खडे निघाले असून दोनदा तीव्र कळ येऊन गेल्यामुळे डॉक्टरांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचा सल्ला दिला आहे. अवयवच काढल्यावर पचन कसे होणार आणि येसराची (भाजलेल्या धान्य-डाळींच्या मसालेदार पिठाची) आमटी कायमची सुटणार का, ही तिची चिंता आहे.

उत्तर (परभणी): पित्त यकृतात तयार होते, पित्ताशय ते फक्त साठवते, म्हणून ते काढल्यावरही पचन चालू राहते, मात्र पित्त थेंबथेंब थेट आतड्यात उतरते. मला तर पोटावरच्या चार छिद्रांपेक्षा उजवा खांदाच जास्त दुखला. पोट फुगवण्यासाठी भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे असे होते, हे मला आधी कोणी सांगितलेच नव्हते!

उत्तर (सेलू): सासूबाईंनी पंधराव्या दिवशीच हुरड्यासोबत तेल घातलेली शेंगदाण्याची चटणी खाल्ली आणि दोन दिवस जुलाब सोसले. त्यानंतर मऊ भात, वरण, ताक आणि पातळ भाकरी असे थोडे थोडे खात त्या दोनेक महिन्यांत येसरावर आल्या, फक्त वरची तर्री काढून.

उत्तर (नांदेड): पाण्याची घागर काही आठवडे उचलू देऊ नका. ताप आला, डोळे पिवळे दिसले किंवा पोटदुखी वाढत गेली, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्यांना रुग्णालयात न्यावे.