लाईट आली तरी वरच्या वाडीला पाणी नाही. आलं तर आधी हवा, मग गढूळ

(चर्चा. कोलनच्या आधी बोलणाऱ्याचं टोपणनाव.)

वरचीवाडी: दापोली तालुक्यातली ग्रामपंचायतीची नळपाणी योजना. नदीकाठी जॅकवेल (पंप बसवलेली विहीर), सड्यावर (वरच्या पठारावर) टाकी, तिथून उताराने वाड्यांना पाणी. वादळी पावसात वीज दोन-तीन दिवस जाते. लाईट आल्यावर खालच्या वाडीला त्याच दिवशी पाणी, वरच्या वाडीला दुसऱ्या दिवशी. आधी फुसफुस हवा, मग चहाच्या रंगाचं पाणी. उशीर का होतो? पहिल्या पाण्याचं काय करायचं? तक्रार कशी लिहायची? मागे विहीर आहे, 1 एचपीची मोटर आहे. तिच्यासाठी जनरेटर घ्यावा का?

जॅकवेल: घरात दिवे लागले म्हणजे पंप सुरू झाला असं धरू नका. घराला एक फेज पुरतो, जॅकवेलच्या मोटरला तिन्ही लागतात. एका फेजचा फ्यूज उडालेला असला की अर्ध्या गावात टीव्ही चालतो आणि पंप बंद. तशा स्थितीत मोटर चालवली तर वाइंडिंग जळतं, म्हणून सिंगल फेज प्रिव्हेंटर ती चालूच होऊ देत नाही. 415 च्या जागी 330-340 व्होल्ट मिळत असतील तर मोटर जास्त करंट ओढते आणि ओव्हरलोड रिले (करंट वाढला की मोटर बंद करणारा स्विच) ट्रिप होतो. साध्या स्टार्टरला तो पुन्हा सुरू करायला माणूस जावा लागतो, आणि रात्री पावसात तो जाईलच असं नाही.

पुढे हिशोब बघा. 1500 वस्ती, माणशी 55 लिटर, म्हणजे 82,500 लिटर. पंप तासाला 15,000 लिटर देत असेल तर साडेपाच तास, तेही वीज सलग राहिली तर. रिकामी झालेली लाईन वेगळी भरावी लागते. आतून 80 मिमीचा पाइप किलोमीटरला सुमारे 5,000 लिटर गिळतो.

वरच्या वाडीचं दुखणं उंचीचं. टाकी नळापेक्षा 10 मीटर उंच असेल तरच साधारण 1 किलो दाब मिळतो. खाली पन्नास नळ एकदम उघडले की वर काही उरत नाही, टाकीही भरत नाही. उपाय एकच: टाकी निदान अर्धी होईपर्यंत सगळे व्हॉल्व बंद, मग वरच्या वाडीला आधी पाळी. खालचे लोक भांडतात, पण पाणी पोचवायचं तर हाच क्रम.

ओटीवाला: पहिल्या पाण्याबद्दल. लाईन रिकामी झाली की दाब उलटा होतो आणि फुटक्या सांध्यातून गटाराचं, शेतातलं पाणी आत ओढलं जातं. चहाचा रंग बहुतेक पाइपातल्या गाळाचा आणि गंजाचा असतो, पण सोबत काय आलंय ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून घरच्या टाकीचा इनलेट कॉक आधीच बंद ठेवायचा. अंगणातला सगळ्यात खालचा नळ थोडा उघडायचा, हवा जाऊ द्यायची आणि स्वच्छ धार येईपर्यंत पाणी माडांना सोडायचं. एकदम पूर्ण उघडला तर हवेने मीटर गरागरा फिरतो आणि ते युनिट बिलात येतात.

मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. 1000 लिटर स्वच्छ पाण्याला 2.5 ग्रॅम, शंका असेल तर 5 ग्रॅम. प्लास्टिकच्या बादलीत कालवा, 10-15 मिनिटं चुना खाली बसू द्या आणि वरचं निथळ पाणीच टाकीत ओता. अर्ध्या तासाने वापरा. ओटी टेस्टला (पाण्यातलं क्लोरीन बघायची चाचणी) फिकट पिवळा रंग आला पाहिजे. शेवटच्या नळाला किमान 0.2 मिलीग्रॅम क्लोरीन हवं. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निथळून घ्या, नाहीतर क्लोरीन गाळातच संपतो.

आपल्याकडच्या दमट हवेत उघडी टीसीएलची गोणी पावसाळाभर टिकत नाही. ताज्या पावडरीत सुमारे 33 टक्के क्लोरीन असतं, वास गेला की ती जवळजवळ चुनाच.

वरचीवाडी: काही घरांनी नळाच्या लाईनला थेट मोटर लावलीय. त्याने काय बिघडतं?

ओटीवाला: सगळंच. ती मोटर लाईनमध्ये उलटा दाब तयार करते, म्हणजे वर सांगितलेली गटाराची ओढ वीज असतानाही रोज चालू. ग्रामसभेत नाव न घेता विषय काढा आणि पाणी सोडायच्या वेळी व्हॉल्वमन, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांना वाडीत फिरायला लावा.

खाडीपट्टा: तक्रारीचं सांगतो. आधी शेजारी विचारा. एकट्या घराला पाणी नसेल तर फेरूलमध्ये (मुख्य लाईनला घरचा नळ जोडतात तो सांधा) कचरा किंवा तुमचाच कॉक, अख्ख्या वाडीला नसेल तर योजना. अर्जात एवढंच लिहा: शेवटचं पाणी कोणत्या तारखेला, किती वाजता, किती घरं, आलेलं पाणी कसं होतं. ग्रामपंचायतीत द्या आणि प्रतीवर आवक शिक्का घ्या. गढूळ असेल तर नमुना तपासायला जलसुरक्षकाला (गावातलं पाणी तपासणारा माणूस) बोलवा. 'पाणीपुरवठा सुरळीत करावा' या वाक्याने काही हलत नाही, तारखांनी हलतं.

आता जनरेटरचं. सुरू होताना मोटर चालू करंटच्या पाच-सहापट ओढते. 1 एचपीला 2.5 ते 3 केव्हीए धरा. 1 केव्हीएचा घेतलात तर गुरगुरून बसेल. पण समुद्र जवळ असेल तर एप्रिल-मेमध्ये विहीर सलग उपसू नका. गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं. गोड्याची पातळी 1 मीटर उतरली की खाऱ्याची सीमा कालांतराने 40 मीटरपर्यंत वर सरकू शकते. अर्धा तास उपसा, मग तीन-चार तास विश्रांती. चव मचूळ लागली की त्या दिवसापुरतं थांबायचं.

आणि विहिरीवरचा रहाट काढू नका. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तेवढे दिवस जनरेटरला पेट्रोल कुठून आणणार?