मदत हवी आहे : चौकात सापडलेला उंटकोळी (कॅमल स्पायडर) गॅलिओडीस गटातलाच ना?

नमस्कार मंडळी, आम्ही ग्वाल्हेरला लश्करात राहतो, जुनं घर, मधे फरशीचा चौक. परवा रात्री गेलेली लाईट आली आणि बल्बखालून एक पिवळसर केसाळ प्राणी असा काही सुसाट पळाला की आत्या पाटावर चढून विंचू विंचू ओरडायला लागली. भाऊ चप्पल घेऊन आला, मी मधे पडून लोणच्याची रिकामी बरणी त्याच्यावर उपडी घातली.

तेव्हापासून बघतोय. खरा कोळी नाही हा, जाळं विणत नाही, आणि पाय दहा वाटतात पण पुढची जोडी पायांची नाहीच, ते स्पर्शक आहेत, त्यांची टोकं चिकटवून तो सरळ उभ्या काचेवर चढतो! काचेतून पोट दिसलं तेव्हा मागच्या पायांच्या मुळाशी छोट्या पांढऱ्या रॅकेटसारख्या गोष्टी दिसल्या, एका बाजूला पाच मोजल्या. रात्री झुरळ टाकलं तर जबड्याच्या दोन्ही चिमट्या आळीपाळीने पुढेमागे करत त्याचा पार लगदा केला, करकर आवाज ऐकू येत होता.

आता अडलंय कुठे ते सांगतो. घरी सांगितलं की याला विष नसतं, पण वाचताना कळलं की १९७८ साली भारतातल्याच ऱ्हॅगोडीस निग्रोसिंक्टस या उंटकोळ्याच्या जातीत विषग्रंथी असल्याचा दावा झाला होता. पुढे कोणी तो सिद्ध केलेला नाही, तरी घरात अडीच वर्षांची पुतणी आहे, त्यामुळे आत्याला मला खात्रीने सांगायचंय. ऱ्हॅगोडीसचे पाय आखूड आणि जाड असतात, याचे लांब आणि बारीक आहेत, म्हणून मला गॅलिओडीस वाटतोय. गॅलिओडीसच्या कुळात नख्यांवर केस असतात म्हणे, ते मोबाईलच्या मॅक्रो लेन्सने दिसतील का?

आणि जात, म्हणजे इंडिकस की ओरिएंटॅलिस, फोटोवरून सांगता येते का? नराच्या जबड्यावर फ्लॅजेलम नावाचा छोटा अवयव असतो तो याला दिसत नाहीये, मादी असेल का? पोट बरंच फुगलंय, अंडी असतील तर बरणीत जास्त ठेवणं मला बरोबर वाटत नाही.

फोटो खाली टाकतोय. आज रात्री गावाबाहेर माळावर सोडणार आहे, त्याआधी अजून कुठल्या अँगलने फोटो घेऊ ते कृपया लवकर सांगा.